रेघेवरची पेशी धरायची की सोडायची?

पत्र : मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावला इंग्रजीतून केली, गणितात काठावर पास झाले. आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. बायोलॉजीच्या विषयांबरोबर स्टॅटिस्टिक्सचाही पेपर आहे. पहिल्या इंटर्नलला दोन्हीकडे मार खाल्ला. बायोलॉजीचं पाठ केलेलं ऐनवेळी आठवत नाही. मायक्रोस्कोपमध्ये सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही. रक्तपेशी मोजल्या तर माझा आणि मैत्रिणीचा आकडा जुळला नाही, म्हणून पुन्हा मोजायला लावलं. स्टॅटिस्टिक्सची सूत्रं पाठ आहेत, पण कुठलं कधी लावायचं ते कळत नाही, आणि कॅल्क्युलेटरवरचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जमत नाही. दादा म्हणतो, स्टॅटिस्टिक्स सोड, तो आपला विषय नव्हे. बदलू का? की ट्यूशन लावू?

उत्तर :

विषय आत्ताच बदलू नकोस, आणि ट्यूशनचे पैसेही दुसऱ्या इंटर्नलपर्यंत राखून ठेव. मात्र विषय बदलायची शेवटची तारीख ऑफिसात उद्याच विचारून घे. ती हातात असली म्हणजे निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ रक्तपेशींची आहे. तिथूनच सुरुवात करू, कारण तुझे दोन्ही विषय त्या एका काचेवर भेटतात.

न्यूबॉअर चेंबर म्हणजे पेशी मोजायची रेघा आखलेली काच. तिच्या मधोमध एक चौरस मिलिमीटरचा चौकोन असतो. त्याचे २५ भाग, प्रत्येक भागात पुन्हा १६ बारीक घरं, म्हणजे एकूण ४००. काच आणि कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) यांच्यामधली खोली ०.१ मिलिमीटर. लाल पेशींसाठी चार कोपऱ्यांचे आणि मधला असे पाच भाग मोजतात, म्हणजे ८० घरं. एका घराचं आकारमान १/४००० घन मिलिमीटर, तर ८० घरांचं १/५०. रक्त २०० पट पातळ केलेलं. म्हणून मोजलेल्या आकड्याला आधी ५० ने, मग २०० ने गुणायचं, म्हणजेच १०,००० ने. हे 'गुणिले दहा हजार' पाठ करणाऱ्यांची पंचाईत पांढऱ्या पेशींच्या वेळी होते. तिथे रक्त २० पट पातळ केलेलं असतं आणि मधल्या चौकोनाभोवतीचे, कोपऱ्यांतले तेवढेच मोठे चार चौकोन मोजायचे असतात. त्यांचं आकारमान ०.४ घन मिलिमीटर, म्हणून २० भागिले ०.४, गुणक ५०. घरं, खोली आणि रक्त किती पट पातळ केलं, एवढ्या तीन गोष्टी माहीत असल्या की गुणक दर वेळी कागदावर काढता येतो.

आता तुमचे आकडे. पत्रात ते दिलेले नाहीत, म्हणून समजू की तुझे ४५२ भरले आणि मैत्रिणीचे ४३१. दहा हजारांनी गुणल्यावर ४५ लाख २० हजार आणि ४३ लाख १० हजार. दोन लाखांचा फरक बघून कुणालाही वाटेल, एकीचं चुकलं. पण मोजलेला फरक २१ पेशींचा आहे, लाख आले ते गुणाकारातून. पातळ रक्तात पेशी इतस्ततः पसरलेल्या असतात. त्याच थेंबातून पुन्हा चेंबर भरला तरी आकडा तोच येत नाही, आणि तो किती हलेल याचा अंदाज त्या आकड्याच्या वर्गमुळावरून येतो. ४५२ चं वर्गमूळ साधारण २१. दोन मोजण्यांच्या फरकासाठी दोन्ही आकड्यांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं : ८८३ चं वर्गमूळ जवळजवळ ३०. तुमचा फरक त्याहूनही कमी, म्हणजे दोघीही बरोबर. स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात 'पॉयसन वितरण' नावाचं जे प्रकरण आहे, ते हेच.

तेच ४५२ आणि ३४० आले असते तर? फरक ११२, बेरजेचं वर्गमूळ २८. चौपट फरक निव्वळ योगायोगानं पडणं कठीण. मग चूक हातात शोधायची. पिपेटच्या दांडीतले पहिले दोन-तीन थेंब टाकून दिले होते का? दांडीत नुसतं द्रावण असतं, रक्त नसतं, त्यामुळे ते थेंब चेंबरमध्ये गेले की आकडा पडतो. पिपेट भरल्यावर नीट हलवली होती का? चेंबर भरताना द्रावण खाचेत सांडलं असेल तर कव्हरस्लिप उचलली जाते, खोली ०.१ राहत नाही आणि आकडा फुगतो. पेशी तळाशी बसायला दोन-तीन मिनिटं दिली होती का? 'पुन्हा मोजा' हा सल्ला चुकीचा नाही, पण आधी वर्गमूळ बघून मग ठरवावं. नाहीतर होतं काय, की पोरं दुसऱ्या खेपेला शेजारणीच्या आकड्याजवळ जाणारा आकडा लिहून मोकळी होतात.

आणि रेघेवर बसलेली पेशी? नियम असा : वरच्या आणि डाव्या रेघेवरची धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. कुठल्याही लगतच्या दोन बाजू चालतील, फक्त शेवटपर्यंत त्याच ठेवायच्या. सगळ्या धरल्या तर एकच पेशी शेजारशेजारच्या दोन चौकोनांत मोजली जाते. सीमेवरचं आपलं की त्यांचं, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. पेशींच्या बाबतीत निदान तो एका ओळीच्या नियमानं सुटतो.

हे प्रकरण दिसतं तेवढं बारीक नाही. डब्लिनच्या गिनेस दारू कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटनं १९०७ साली पहिला शोधनिबंध लिहिला, तो अशाच चेंबरमध्ये यीस्टच्या पेशी मोजताना पडणाऱ्या फरकावर. कारखान्याचा नियम होता की नोकरांनी स्वतःच्या नावानं छापायचं नाही, म्हणून त्यानं 'स्टूडंट' हे टोपणनाव घेतलं. तुझ्या पुस्तकातल्या 'स्टूडंट्स टी-टेस्ट'मधला स्टूडंट तो हाच, आणि ती टेस्ट पुढच्याच वर्षी, १९०८ ला आली. आपल्याकडचं उदाहरण हवं तर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. शेतातला छोटासा तुकडा आखून कापणी केली तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. कारण तेच, रेघेवरची रोपं. कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला चार मीटर कड असते आणि क्षेत्र एकच चौरस मीटर. पाच बाय पाचच्या तुकड्याला वीस मीटर कड, पण क्षेत्र पंचवीस. म्हणजे दर चौरस मीटरमागे कड चारवरून ०.८ वर येते. भाताच्या पीककापणी प्रयोगाला पाच बाय पाचची दोरी टाकतात. सुगीत तुमच्या शिवारात कुणी ती आखताना दिसलं तर थांबून बघ, कडेच्या रोपांचं काय करतात ते.

दादाला हेही सांग. तो म्हणतो तसा हा विषय परका नाही, शेतातच वाढलेला आहे.

आता मायक्रोस्कोप. दिसत नाही याची कारणं ठरलेली असतात. नोझपीस (लेन्स बसवलेली फिरती चकती) 'टक' वाजेपर्यंत फिरलेला नसतो, मग अर्धं वर्तुळ काळं. किंवा मुलं थेट ४५ च्या लेन्सवर जातात. आधी १० ची लेन्स लावून, बाजूनं बघत ती स्लाइडच्या जवळ आण, मग डोळा लावून मोठ्या स्क्रूनं लेन्स आणि स्लाइड एकमेकांपासून लांब नेत फोकस कर. हवी ती जागा बरोबर मध्यावर आण आणि मगच ४५ लाव. तिथून पुढे मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, नाहीतर कव्हरस्लिप फुटते आणि लेन्सला ओरखडा पडतो. स्लाइडखाली कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू, नसेल तर खोलगट. आणि तुझी बहुधा झालेली चूक : उजेड फार. न रंगवलेल्या पेशी भगभगीत उजेडात विरघळल्यासारख्या होतात. डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करायची झडप) अर्धा मिटला की कडा उठून दिसतात. जाड काळ्या कडेचा, अगदी कंपासनं काढल्यासारखा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. पेशी म्हणून त्याचं चित्र काढून आणणारे दर वर्षी दोन-चार निघतातच. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवून, सुईच्या आधारानं ४५ अंशांतून हळू खाली सोडली की बुडबुडे येत नाहीत.

सरावाला सोपी स्लाइड हवी असेल तर घरातलं रताळं घे. चिरलेला भाग सुईनं खरवडून पाण्याच्या थेंबात मिसळ, पातळ आयोडीनचा थेंब सोड. स्टार्चचे दाणे निळे-काळे होतात आणि शोधावे लागत नाहीत. लॅबमध्ये मोकळा तास मिळाला की हे दहा मिनिटांचं काम.

कांद्याच्या मुळाची स्लाइड मात्र सगळ्यांना छळते. मूळ जास्त लांब घेतलं, हे त्यातलं मुख्य कारण. विभाजन टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच चालतं. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब होत असतात, तिथे कितीही शोधलंस तरी मेटाफेज (विभाजनाची मधली अवस्था) सापडणार नाही. एक भाग असेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलेलं मूळ घे, 'एक नॉर्मल' (१ N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात हलकं गरम कर म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात, मग असेटोकार्मिन हा रंग घाल. शेवटी टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाब. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया. एवढं करूनही बहुतेक पेशी इंटरफेजच्याच, म्हणजे विभाजन चालू नसलेल्या, दिसतील आणि तसंच दिसायला हवं, कारण पेशीचा बहुतेक वेळ त्याच अवस्थेत जातो. म्हणून नुसती चित्रं काढू नकोस, मोज. समज २०० पेशींत १८ विभाजनात सापडल्या, तर मायटॉटिक इंडेक्स, म्हणजे विभाजनातल्या पेशींचं प्रमाण, ९ टक्के. हा झाला तुझा स्टॅटिस्टिक्सचा पहिला स्वतःचा आकडा.

पाठांतराबद्दल थोडक्यात. तू इंग्रजी वाक्यं पाठ करतेस, म्हणून एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, वर्गात इंग्रजी असं जगणाऱ्या मुलीला भाषांची भीती वाटायचं कारण नाही. क्रम उलटा कर. क्रिया आधी मराठीत, आपल्या शब्दांत, पाच-सहा ओळींत लिही : काय आत गेलं, कुठे गेलं, काय बाहेर आलं. मग फक्त संज्ञा इंग्रजीत बसव. संज्ञाही फोडून बघ. 'ल्यूको' पांढरं, 'एरिथ्रो' लाल, 'साइट' पेशी, 'हायपो' कमी, 'हायपर' जास्त, 'एन्डो' आतलं, 'लायसिस' फुटणं. असे साठेक तुकडे आले की शेकडो शब्द न घोकता उलगडतात. खानापूर-बेळगाव प्रवासात वही उघडायला जागा नसते. पत्त्याएवढ्या चिठ्ठ्या कर, पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बघायच्या आधी मनात म्हणायचंच. शिकवलं त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं, अशी एक चिठ्ठी तीनदा यायला हवी. नुसतं वाचत राहिल्यानं 'येतंय' असं वाटतं, आणि ते वाटणं पेपर हातात येईपर्यंतच टिकतं.

आता कॅल्क्युलेटर. फणसाची आठ पानं घे. लांबी देठ सोडून, पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत. समज सेंटिमीटरमध्ये आकडे आले १२, १४, १३, १५, ११, १६, १३, १४. बेरीज १०८, सरासरी १३.५. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग कर आणि मिळव : बरोबर १८ येतात. १८ ला ८ नं भागून वर्गमूळ घेतलं तर १.५. सातनं भागून घेतलं तर १.६०. तुझी आणि पुस्तकाची भांडणं बहुधा इथेच होत असणार. कॅल्क्युलेटरवर दोन्ही उत्तरं असतात. काही कॅसिओवर त्यांना 'सिग्मा एन' आणि 'सिग्मा एन वजा एक' म्हणतात, काहींवर 'सिग्मा एक्स' आणि 'एस एक्स'. तू आठच पानं तोडलीस, झाडावर हजारो आहेत. नमुन्याची सरासरी त्या आठांतूनच काढलेली असल्यामुळे ती त्यांच्या मधोमध बसते आणि फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान दिसतात. ती कसर भरायला एकानं कमी भागायचं. प्रॅक्टिकलमधल्या नमुन्यासाठी नेहमी 'एन वजा एक'. आणखी एक चोर कारण : आधीच्या गणिताचे आकडे मेमरीत राहिलेले असतात. दर वेळी आकडे पुसून सुरुवात कर आणि शेवटी एन किती ते बघून घे. आठ पानं घातलीस आणि एन पंधरा दाखवत असेल, तर समजून जा.

हे १.६० म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ते पानापानांतला फरक सांगतं. सरासरीवर किती विसंबायचं हा वेगळा प्रश्न. त्यासाठी १.६० ला आठच्या वर्गमुळानं, म्हणजे २.८३ नं भागायचं : ०.५७. ही स्टँडर्ड एरर. टी-टेबलमध्ये सात डिग्रीला (डिग्री ऑफ फ्रीडम, इथे आठ वजा एक) ५ टक्क्यांखाली २.३६५ आहे. मधले आकडे कॅल्क्युलेटरवर पूर्ण ठेवले तर गुणाकार १.३४. म्हणून झाडाच्या पानांची सरासरी साधारण १२.१६ ते १४.८४ सेंटिमीटरच्या दरम्यान. पानं वाढवलीस तर ०.५७ लहान होत जाईल, १.६० मात्र होणार नाही, कारण पानं मुळातच सारखी नसतात. दोहोंतला हा भेद बोटांनी एकदा करून बघितला की पेपरात गोंधळ होत नाही. अर्थात हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा पानं तू निवडलेली नसतील. डोळ्यांत भरलेलं मोठं पान तोडायचा मोह टाळ. फांद्यांना नंबर देऊन चिठ्ठ्या उचल.

कुठलं सूत्र कधी लावायचं? घोळ थोडा मराठीचाही आहे. आपण फूटपट्टीनंही 'मोजतो' आणि बोटांवरही 'मोजतो'. इथे दोन्ही वेगळे. फूटपट्टी, तराजू किंवा घड्याळानं मोजलं आणि दोन गट असले, उदाहरणार्थ उन्हातली पानं आणि सावलीतली पानं, तर टी-टेस्ट. तीच माणसं जिना चढायच्या आधी आणि नंतर, अशी नाडी घेतली असेल तर जोडीची टी-टेस्ट, कारण प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच आहे. एकाच पानाची लांबी आणि रुंदी असेल तर कोरिलेशन, म्हणजे दोन मापांचा परस्परसंबंध. आणि बोटांवर मोजून खान्यांत टाकलं, इतके वाटाणे गोल, इतके सुरकुतलेले, तर काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेली आणि अपेक्षित संख्या जुळते का ते बघायची कसोटी. गणित वाचताना सूत्र आठवायच्या आधी समासात 'फूटपट्टी' किंवा 'बोटं' लिही.

काय-स्क्वेअरचं नेहमीचं उदाहरण आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं, १८६६ साली छापलेलं. वाटाणे ७३२४, त्यातले ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. ३:१ नं अपेक्षित ५४९३ आणि १८३१. दोन्हीकडे फरक १९, वर्ग ३६१. त्याला ५४९३ नं भागून ०.०६६, १८३१ नं भागून ०.१९७, मिळून ०.२६३. एका डिग्रीला टेबलमधला आकडा ३.८४. आपला त्याहून बराच लहान, म्हणून ३:१ हे प्रमाण नाकारायला कारण नाही. 'सिद्ध झालं' असं लिहू नकोस, गुण तिथेच जातात. दुसरी चूक टक्क्यांची : ७४.७४ आणि २५.२६ घालून काढलंस तर ०.००३६ येईल, कारण तू ७३२४ वाटाण्यांना १०० करून टाकलंस. नेहमी मोजलेली संख्या घ्यायची, आणि एखाद्या खान्यात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जात असेल तर शेजारच्या खान्यात मिसळायची. जाता जाता, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं १९३६ साली मेंडेलचे आकडे याच कसोटीवर लावून म्हटलं होतं की ते जरा जास्तच चोख जुळतात. रेकॉर्डमधले आकडे शेजारणीशी जुळवून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

राहिलं गणित. पेपर बायोस्टॅटिस्टिक्सचा असेल तर वर्गमूळ, टक्केवारी, बेरजेचं सिग्मा चिन्ह, लॉग आणि सरळ रेषेचं समीकरण एवढ्यावर निभावतं. रोज अर्धा तास दिलास तर तीन आठवड्यांत हात बसेल. स्टॅटिस्टिक्स हा पूर्ण विषय घेतला असेल तर पुढे इंटिग्रेशन येणार. तेव्हा पीयूसीचं पुस्तक पुन्हा काढावं लागेल, आणि ट्यूशनच लावायची असेल तर ती तेवढ्यापुरती लाव. आधी सिलॅबसची प्रत घेऊन बघ यातलं तुझं कुठलं. आणि येत्या रविवारी फणसाची तीस पानं तोड, पंधरा उन्हातली, पंधरा सावलीतली. मिलिमीटरपर्यंत मोज आणि आकडे पेन्सिलनं नव्हे, पेननं लिही.